'तळलेलं नाहीये, बेक केलेलं आहे': चीज पफ विकताना मी काय चुकत होते



आज आपण चीज पफबद्दल बोलणार आहोत. कुणी त्याला पफ म्हणतं, कुणी पॅटिस. मैद्याचे कुरकुरीत थर आणि आत चीज-पनीरचं सारण. बेकरी किंवा स्नॅक्सचं दुकान टाकायचं ठरवलेल्या प्रत्येकाच्या मेनूत तो असतोच. रेसिपीचे व्हिडिओ तुम्हाला ढिगाने मिळतील. आज रेसिपी नाही, त्या पफच्या पोटात काय आहे त्याचा हिशोब बघायचाय. कारण हा हिशोब मी स्वतः सहा वर्षं केला नव्हता.

दुकानात दिवसातून वीस वेळा तरी मी एक वाक्य बोलायचे, "घ्या ना, तळलेलं नाहीये, बेक केलेलं आहे." वाक्य खरं होतं आणि माल खपवायला एकदम भारी होतं. वड्यासमोर, समोशासमोर पफ उभा करायचा आणि हे वाक्य टाकायचं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

आमच्याकडे एक रिटायर्ड शिक्षक काका यायचे. डॉक्टरांनी बीपीसाठी मीठ कमी करायला आणि तळकट बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी वडा सोडला. मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. मग काय, चार-पाच महिने रोज संध्याकाळी पाच वाजता काका, एक चहा आणि एक चीज पफ. "पोरी, तुझ्यामुळे माझी संध्याकाळ वाचली," असं म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

एक दिवस त्यांची लेक दुकानात आली. भांडायला नव्हती आली हं. हातात आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद होता. तिनं विचारलं, "ताई, तुमच्या एका पफमध्ये मीठ किती असतं?"

मी म्हटलं, "जास्त नसतं हो, थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका पफला कच्च्या मालाचा खर्च साडेअठरा रुपये, हे मला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बीबीए करताना कॉस्ट शीट घोटून घेतली होती. पण जे मी रोज एका बीपीच्या पेशंटच्या हातात देत होते, त्यात मीठ किती, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री शटर ओढलं आणि तीच कॉस्टिंगची वही घेऊन बसले.

कॉस्टिंगची वहीच पोषणाची वही

पहिली गोष्ट लक्षात घ्या. यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही. कॉस्टिंग करताना आपण काय करतो? प्रत्येक मालाचं वजन लिहितो, त्याला भावानं गुणतो, बेरीज करतो आणि नगांनी भागतो. पोषणाचा हिशोबही असाच आहे. फक्त भावाच्या जागी पाकिटाच्या मागे छापलेले आकडे घ्यायचे: १०० ग्रॅममागे कॅलरी किती, प्रोटीन किती, फॅट किती, सोडियम किती.

माझा घाणा ४० पफचा. तो असा निघाला:

- मैदा १ किलो: ३,५०० कॅलरी, प्रोटीन १०० ग्रॅम, फॅट १० ग्रॅम
- पफचं मार्जरीन ५५० ग्रॅम (५० ग्रॅम पीठ मळताना, ५०० ग्रॅम थरांमध्ये): ३,९६० कॅलरी, प्रोटीन शून्य, फॅट ४४० ग्रॅम
- प्रोसेस्ड चीज ८०० ग्रॅम: २,४८० कॅलरी, प्रोटीन १६० ग्रॅम, फॅट २०० ग्रॅम
- पनीर ४०० ग्रॅम: १,१२० कॅलरी, प्रोटीन ७२ ग्रॅम, फॅट ८४ ग्रॅम
- कांदा आणि सिमला मिरची ४०० ग्रॅम: १४० कॅलरी, प्रोटीन ४ ग्रॅम, फॅट जवळपास शून्य

एकूण ११,२०० कॅलरी, ३३६ ग्रॅम प्रोटीन, ७३४ ग्रॅम फॅट. आता ४० नी भागा. एका पफमध्ये २८० कॅलरी, साधारण साडेआठ ग्रॅम प्रोटीन आणि १८ ग्रॅम फॅट.

हे माझ्या मालाचे आकडे आहेत. तुमचं चीज वेगळं, मार्जरीन वेगळं, तर आकडेही थोडे वेगळे येणार. म्हणून माझे उतरवून घेऊ नका, तुमच्या पाकिटावरचे घ्या.

आता एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात, प्रोटीन आणि कर्बोदकांतून प्रत्येकी ४. म्हणजे १८ ग्रॅम फॅटच्या १६० च्या वर कॅलरी झाल्या. २८० पैकी निम्म्याहून जास्त कॅलरी निव्वळ फॅटच्या! आणि मी सांगत होते, "तळलेलं नाहीये."

तळलेल्या पदार्थाचं तेल कढईत दिसतं. पफचं तेल दिसत नाही, कारण ते आपण आधीच आत घालून ठेवलेलं असतं. एवढाच काय तो फरक.

मग दोषी कोण? चीज?

माझाही पहिला अंदाज तोच होता. "चीज कमी करू, म्हणजे हलकं होईल." पण वही काय म्हणते ते बघा. एकूण ७३४ ग्रॅम फॅटपैकी ४४० ग्रॅम मार्जरीनचं आहे, म्हणजे ६० टक्के. चीज आणि पनीर मिळून २८४ ग्रॅम. उलट प्रोटीनमध्ये ३३६ पैकी २३२ ग्रॅम चीज-पनीरचं, म्हणजे जवळपास ७० टक्के.

याचा अर्थ काय? आतलं सारण फॅटसोबत प्रोटीनही देतं, बाहेरचे थर मुख्यतः फॅट आणि मैदा देतात. ज्यानं "हेल्दी" म्हणून चीज कमी करून पफ मोठा केला, त्यानं कामाचा भाग काढला आणि बिनकामाचा वाढवला.

थरांना एवढं फॅट का लागतं, तेही समजून घ्या. लाटलेल्या मैद्यात मार्जरीनची लादी ठेवून आपण घड्या घालतो. तीन पदरी घडी सहा वेळा घातली की हिशोबाने ७२९ थर होतात. ओव्हनमध्ये पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थर उचलते आणि मधलं फॅट त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. त्यासाठी फॅट घट्ट राहणारं लागतं. पातळ तेल पिठात मुरून जातं, थर सुटत नाहीत. आणि घट्ट राहणारं फॅट म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचं प्रमाण जास्त. माझ्या हिशोबात एका पफमध्ये ते सुमारे १० ग्रॅम येतं. पॅकबंद मालाच्या लेबलसाठी एफएसएसएआय दिवसाला २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट हा आकडा धरते. म्हणजे चहासोबत खाल्लेल्या एका पफमध्ये जवळपास निम्मा कोटा संपला.

"मग ताई, मार्जरीनऐवजी बटर घालू का?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. चवीसाठी घाला, वास फार सुंदर येतो. पण बटरमध्येही साधारण ८० टक्के फॅट आणि त्यातलं बरंचसं सॅच्युरेटेडच. खर्च वाढेल, उन्हाळ्यात लाटताना पातळ होऊन त्रास देईल, पण पफ हलका होणार नाही. "बटर पफ" लिहा, "हेल्दी पफ" लिहू नका.

ट्रान्स फॅटचं मात्र आवर्जून बघा. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात आणि त्यापासून बनवलेल्या पदार्थांत, त्यातल्या एकूण फॅटच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट चालत नाही. म्हणून सुटं, बिनलेबलचं मार्जरीन किंवा वनस्पती पंधरा रुपये स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका. पाकीट बघा, बिल घ्या, बिल फाइलला लावा.

मिठात मात्र चीज पकडलं गेलं

आता काकांच्या लेकीचा खरा प्रश्न. मीठ.

एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. मी पिठात १५ ग्रॅम मीठ घालत होते आणि सारणात आणखी ५ ग्रॅम. हे दोन्ही मिळून एका पफला सुमारे १९५ मिलिग्रॅम सोडियम. पण चीजमध्येही मीठ असतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. माझ्या चीजच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. प्रोसेस्ड चीज वितळून एकजीव राहावं म्हणून त्यात सोडियमयुक्त इमल्सिफायर घालतात, शिवाय चवीचं मीठ असतंच. एका पफमधल्या २० ग्रॅम चीजमधून २४० मिलिग्रॅम आलं.

एकूण सुमारे ४४० मिलिग्रॅम, म्हणजे १.१ ग्रॅम मीठ. धडधाकट माणसासाठी दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. त्यातलं एक पंचमांशाहून जास्त एका पफमध्ये! आणि काका तर धडधाकट माणसाच्या मर्यादेतलेही नव्हते.

खरं सांगते, हा आकडा वहीत लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं. चार महिने मी त्या माणसाला रोज "काही होत नाही, बेक केलेलं आहे" म्हणत होते.

ओव्हनमधून बाहेर आल्यावर वजन करा

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून वेगळं सांगते. कच्चा पफ माझ्याकडे ९२ ग्रॅम भरतो, भाजून बाहेर आला की ८० ग्रॅम. मधले १२ ग्रॅम गेले कुठे? पाणी उडालं. पण कॅलरी उडत नाहीत, मीठही उडत नाही.

आता १०० ग्रॅमचा आकडा काढायचा तर २८० ला कशाने भागायचं? कच्च्या वजनाने भागलं तर १०० ग्रॅमला ३०५ कॅलरी येतात. भाजलेल्या वजनाने भागलं तर ३५०. गिऱ्हाईक भाजलेला पफ खातं, म्हणून ३५० बरोबर. ३०५ छापलं तर ती फसवणूक होते, भले तुमच्या मनात तसं नसेल. दहा पफ भाजून, थंड करून, एकत्र वजन करा आणि दहाने भागा. एका पफवर विसंबू नका.

मी काय बदललं

आता धंद्याचं बोलू. पफ बंद करायचा का? अजिबात नाही, तो माझ्या संध्याकाळच्या गल्ल्याचा मोठा भाग आहे. मी चार गोष्टी बदलल्या.

एक, त्याच पिठाचे ४० ऐवजी ५० तुकडे केले. पट्टी थोडी पातळ लाटली. बाहेरचं आवरण ५२ ग्रॅमवरून ४१ ग्रॅमवर आलं.

दोन, सारणात चीज २० ग्रॅमवरून १२ वर आणलं आणि पनीर १० वरून २० केलं. भाजी १० ची १५ ग्रॅम केली. पनीरमध्ये मीठ नगण्य असतं आणि प्रोटीन चांगलं.

तीन, सारणातलं वरचं मीठ बंद. पिठातलं १५ वरून १० ग्रॅम. चव उतरू नये म्हणून काळी मिरी, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर.

चार, पनीर फडक्यात दाबून पाणी काढायचं आणि कांदा-मिरची परतून, पूर्ण गार करून मगच भरायची. नाहीतर पनीर वाढवल्यावर पफचं बूड ओलं राहतं. पहिले दोन घाणे माझे याच कारणाने गेले. घरी नेऊन आम्हीच खाल्ले.

नवीन हिशोब: एका पफमध्ये साधारण २५० कॅलरी, ८ ग्रॅम प्रोटीन, १६ ग्रॅम फॅट आणि सोडियम २३० मिलिग्रॅमच्या आसपास. मीठ जवळपास निम्म्यावर आलं, प्रोटीन तेवढंच राहिलं. आणि खर्च? साडेअठराचा पावणेअठरा झाला. किंमत मी तीच ठेवली.

पण स्वतःला फसवू नका. सॅच्युरेटेड फॅट १० ग्रॅमवरून फक्त ९ वर आलं. थर आहेत तोवर ते राहणारच. पफ हा पफच राहणार, तो डाएटचा पदार्थ होत नाही. म्हणून मी अर्ध्या आकाराचा छोटा पफही सुरू केला. मुलांच्या डब्यासाठी आया तो आवडीने नेतात. मोठा पफ "लाइट" म्हणून विकण्यापेक्षा लहान पफ लहान म्हणून विकणं जास्त प्रामाणिक आहे, आणि तो विकलाही जातो.

पाकिटावर काय लिहायचं, काय नाही

माझ्या एका विद्यार्थिनीनं घरून चीज पफ सुरू केले. तिच्या स्टिकरवर लिहिलं होतं, "लो फॅट, हाय प्रोटीन". मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाली, "ताई, सगळेच लिहितात."

सगळे लिहितात म्हणून चालत नाही. घन पदार्थाला "लो फॅट" म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट नको. माझ्या जुन्या पफमध्ये २३ ग्रॅम होतं. "हाय प्रोटीन"साठी १०० ग्रॅममधून दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रोटीन मिळायला हवं. ती गरज ५४ ग्रॅम धरली तर साधारण ११ ग्रॅम होतात. जुना पफ साडेदहावर अडकत होता. जवळ आलं म्हणून लिहून टाकलं, असं होत नाही.

बाकी या गोष्टी वहीत उतरवून घ्या:

- पॅक करून दुकानांत माल देणार असाल तर लेबलवर १०० ग्रॅमचे आकडे आणि एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या प्रमाणातला किती टक्के वाटा जातो, ते लागतं. ऊर्जा २,००० किलोकॅलरी, फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २२ ग्रॅम, सोडियम २,००० मिलिग्रॅम हे धरायचे आकडे. छापण्याआधी एकदा एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून तपासून घ्या. वहीचा हिशोब लॅबच्या जवळपास आला की तुमच्या वजनकाट्यावर तुमचाच विश्वास बसतो.
- गहू आणि दूध हे दोन्ही अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत. मार्जरीनमध्ये सोया असेल तर तेही लिहा.
- वरून चकाकी यावी म्हणून अंड्याचा ब्रश फिरवत असाल तर हिरवं गोल चिन्ह लावता येत नाही. एवढ्याशा अंड्यानेही तपकिरी त्रिकोण येतो. मी दुधाचा ब्रश वापरते.
- स्वस्त "चीजसारखं" मिळतं, त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. पाकिटावर अ‍ॅनालॉग असा शब्द असतो. ते वापरून "चीज पफ" नाव देता येत नाही. पनीरचंही तसंच.

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेनूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. आपण लहान, आपल्याला ते बंधन नाही. तरी मी काउंटरवर एक छोटी पाटी लावली: एका पफमध्ये कॅलरी २५०, फॅट १६ ग्रॅम, प्रोटीन ८ ग्रॅम, मीठ अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. नवऱ्याला वाटत होतं, पाटी वाचून गिऱ्हाईक पळेल. पहिल्या आठवड्यात दोन-चार जणांनी वाचून पफ परत ठेवला, हे खरं आहे. पण त्याच पाटीमुळे जवळच्या एका ऑफिसच्या कँटीनची ऑर्डर आली. त्यांना आकडे हवे होते आणि आकडे देणारं दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

आणि काका?

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते आले. मी पफ दिला नाही. समोर बसले आणि वही दाखवली. "काका, मी तुम्हाला चुकीचं सांगत होते. तळलेलं नव्हतं, पण मीठ एवढं होतं." त्यांनी चष्मा लावून सगळी बेरीज तपासली. शिक्षकच ते! म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. पण हा आधी मांडायला हवा होतास, पोरी."

बोलणं खरं होतं. ऐकून घेतलं.

आता ते शनिवारी येतात, नवीन पफ अर्धा खातात आणि उरलेला अर्धा नातवाला नेतात. बाकीचे दिवस नुसता चहा. माझे आठवड्याचे पाच-सहा पफ कमी झाले. पण त्यांची लेक तिच्या शाळेच्या कार्यक्रमाची ऑर्डर मलाच देते, कारण तिला माहीत आहे की "थोडंसं म्हणजे किती?" याचं उत्तर इथे मिळतं.

तुमचा गृहपाठ

तुमच्या दुकानातला किंवा मनातल्या मेनूतला सगळ्यात जास्त खपणारा एक पदार्थ निवडा. आज रात्री त्याच्या कॉस्ट शीटला चार नवे रकाने जोडा: कॅलरी, प्रोटीन, फॅट, सोडियम. कच्चं नाही, तयार वजन करा. मग तुम्ही गिऱ्हाईकाला रोज जे वाक्य सांगता ते मोठ्यानं म्हणा आणि वहीशी ताडून बघा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर उद्या दुकान उघडायच्या आधी ते वाक्य बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, आणि वही स्वच्छ ठेवा!